सेवाग्रामचा नास्तिक पाहुणा

सेवाग्रामला शाळांच्या सहली येतात. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी असं एकेक बघून झालं की मुलं पिंपळाजवळच्या प्रार्थनाभूमीवर टेकतात, चरख्याबरोबर फोटो काढतात आणि पवनारच्या वाटेला लागतात. याच आवारात 1944 च्या अखेरीस एक उघड नास्तिक माणूस गांधीजींचा पाहुणा म्हणून राहिला होता, फिरायला जाताना त्यांच्याशी देव आहे की नाही यावर बोलत होता, आणि पुढे त्याच्या मुलीचं लग्न इथेच देवाचं नाव न घेता लागलं, हे त्या गडबडीत मुलांना कळायचं राहून जातं. वर्धा जिल्ह्यातल्या पुष्कळ मोठ्यांनाही ते ठाऊक नाही. मी जन्मभर महाविद्यालयात ग्रंथपाल होते. माझ्या कपाटांतही ही हकिकत सांगणारं पुस्तक कधी आलं नाही. ती मी निवृत्तीनंतर संगणकाच्या पडद्यावर वाचली. म्हणून आज या पडद्यामागच्या ग्रंथालयांबद्दल लिहिते आहे. मानवतावाद, बुद्धिवाद, निरीश्वरवाद यांचा इतिहास शोधायला आता मुंबई-पुण्याचं तिकीट काढावं लागत नाही, पण कुठे आणि कसं शोधायचं हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

आधी त्या पाहुण्याविषयी. गोपराजू रामचंद्र राव, सगळे त्यांना ‘गोरा’ म्हणत. जन्म 1902 चा. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. देव मानत नाही असं जाहीरपणे सांगत, म्हणून त्यांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या. 1940 साली त्यांनी पत्नी सरस्वती यांच्यासह आंध्रातल्या मुदुनूर गावी नास्तिक केंद्र काढलं. तिथे अस्पृश्यतेविरुद्धचं काम, प्रौढांचे वर्ग आणि सगळ्या जातींची सहभोजनं चालत. गांधीजींना त्यांनी पहिलं पत्र 1930 मध्ये लिहिलं होतं, ‘ईश्वर’ या शब्दाचा तुम्ही अर्थ तरी काय करता, असं विचारणारं. 1941 मध्ये भेटीची वेळ मागितली, तेव्हा फारसं उत्तेजन मिळालं नाही. तरी गोरांनी नाद सोडला नाही. 1944 मध्ये त्यांचे एक सहकारी सेवाग्रामला येऊन मुदुनूरचं काम समजावून गेले आणि मग गांधीजींनी स्वतः गोरांना बोलावून घेतलं.

पहिली भेट संध्याकाळच्या फिरण्याच्या वेळची. देव न मानणाऱ्याशी आता मी काय बोलू, असं गांधीजींनी हसत विचारलं आणि तिथून बोलणं सुरू झालं. गोरांचा युक्तिवाद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो पोथीतला नव्हता. बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसं मिठाईच्या भरल्या दुकानांसमोर उपाशी मेली, आणि त्यांनी दुकानाला हात लावला नाही. का? आपल्या नशिबात हेच आहे, देवाची इच्छाच अशी आहे, असं त्यांच्या मनावर पिढ्यान् पिढ्या ठसलं होतं म्हणून. माणसानं स्वतःच्या आयुष्याची जबाबदारी स्वतः घ्यावी यासाठी मला नास्तिकता हवी आहे, असं गोरा म्हणाले. गांधीजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मला म्हणता येणार नाही, आपण दोघेही सत्याच्या शोधात आहोत, अशा आशयाचं त्यांचं उत्तर गोरांनी लिहून ठेवलं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारा पंचाहत्तरीचा माणूस हे बोलतो आहे, हे विसरून ते वाचू नये.

गोरांची थोरली मुलगी मनोरमा हिचं लग्न अर्जुनराव या दलित तरुणाशी करायचं ठरलं. गांधीजींनी दोन वर्षं थांबायला सांगितलं आणि लग्न सेवाग्रामलाच लावू म्हणाले. लग्नाच्या विधीत ईश्वराचं नाव यायचं त्या जागी ‘सत्य’ म्हणायचं, हेही त्यांनीच सुचवलं. ते लग्न पाहायला गांधीजी राहिले नाहीत. 30 जानेवारी 1948 ला त्यांचा खून झाला. 13 मार्च 1948 ला सेवाग्राममध्ये ठरल्याप्रमाणे लग्न लागलं. त्याच आठवड्यात देशभरातली रचनात्मक कामाची मंडळी, नेहरू, राजेंद्रबाबू, विनोबा, गांधीजींनंतर पुढे काय याचा विचार करायला इथे जमली होती.

ही सगळी हकिकत गोरांच्या ‘अ‍ॅन एथीस्ट विथ गांधी’ या छोट्या इंग्रजी पुस्तकात आहे. 1951 साली ते अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशनानं छापलं, म्हणजे गांधीजींची पुस्तकं छापणाऱ्या संस्थेनंच. प्रस्तावना लिहिली वर्ध्यात राहणाऱ्या किशोरलाल मशरूवालांनी. गांधीविचाराची पुस्तकं मुक्तपणे वाचायला देणाऱ्या एमके गांधी या संकेतस्थळावर ते पूर्ण आहे. तासाभरात वाचून होतं.

पण एकच बाजू वाचून इतिहास होत नाही. गोरांनी आठवून लिहिलं, मग गांधीजींच्या बाजूचे कागद काय म्हणतात? इथे गांधी हेरिटेज पोर्टल कामाला येतं. साबरमती आश्रमाच्या विश्वस्त संस्थेनं 2013 मध्ये ते खुलं केलं. समग्र गांधी वाङ्मयाचे शंभर इंग्रजी खंड, हिंदी आणि गुजराती खंड, ‘हरिजन’ आणि ‘यंग इंडिया’चे अंक तिथे पानागणिक पाहता येतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. 1999 मध्ये या समग्र वाङ्मयाची एक सुधारित आवृत्ती सीडीवर निघाली होती. तिच्यात खंडांची मांडणी बदलली, मजकूर गळाल्याचा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आणि शेवटी सरकारला ती मागे घ्यावी लागली. पण तिच्या प्रती महाजालावर अजून फिरतात. त्यामुळे कुणी नुसताच खंड आणि पान सांगितलं, तर ते कोणत्या आवृत्तीचं हे आधी विचारा. पोर्टलवर मूळ छापील आवृत्ती आहे. मी तीच धरून चालते.

शोधताना आपल्या जिल्ह्याच्या माणसाला एक फायदा आहे. सेवाग्रामचं जुनं नाव शेगाव, हे आपण लहानपणापासून ऐकतो. गांधीजींची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायची म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. बाहेरचा संशोधक ‘सेवाग्राम’ टाकून शोधतो आणि 1936 ते 1940 मधली पत्रं त्याच्या हाती लागत नाहीत, कारण त्यांच्यावर ‘सेगांव, वर्धा’ असं लिहिलेलं असतं. माझ्याकडे एम.ए.ची एक विद्यार्थिनी यायची. तिनं ‘गोरा’ हा शब्द टाकला तर समोर रवींद्रनाथांच्या कादंबरीचा ढीग आला. कंटाळून ती म्हणाली, “मॅडम, हे काही सापडत नाही.” मी तिला पूर्ण नाव घालायला सांगितलं, मग रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी, मग नावाऐवजी गावाचं नाव, मग जावयाचं. माणूस एका नावानं सापडला नाही तर त्याच्या गोतावळ्यातून शोधायचा. ग्रंथालयात आम्ही हेच करायचो.

गांधीजींची नास्तिकांशी ओळख मात्र सेवाग्रामची नव्हे, ती लंडनची. चार्ल्स ब्रॅडलॉ हे ब्रिटिश संसदेतले प्रसिद्ध नास्तिक. बायबलवर शपथ घेण्याच्या प्रश्नावरून त्यांना वर्षानुवर्षं सभागृहात बसू दिलं नव्हतं. हिंदुस्थानच्या बाजूनं ते इतकं बोलत की 1889 च्या मुंबई काँग्रेसला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. 30 जानेवारी 1891 ला ते वारले. एकवीस वर्षांचे मोहनदास गांधी तेव्हा लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते आणि त्या अंत्ययात्रेला हजर होते. आत्मचरित्रात त्यांनी ते लिहिलं आहे. पुढे 1931 च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी बोलताना, ‘ईश्वर हे सत्य आहे’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असं आपण का म्हणू लागलो ते सांगताना त्यांनी ब्रॅडलॉचं नाव घेतलं. हा माणूस स्वतःला नास्तिक म्हणवून घेई, पण मी त्याला तसं मानणार नाही, सत्य तर तोही नाकारत नव्हता, असा त्यांचा मुद्दा. म्हणजे गोरा सेवाग्रामला पोचण्याच्या पन्नासहून अधिक वर्षं आधीपासून हा प्रश्न गांधीजींच्या मनात होता. आत्मचरित्र, लोझानचं भाषण आणि गोरांचं पुस्तक शेजारी शेजारी उघडून बसलं की ही साखळी दिसते. तीन वेगळ्या खोल्यांतली तीन पुस्तकं एका टेबलावर आणायला पूर्वी मला आठवडा लागला असता.

लंडनच्या बिशप्सगेट इन्स्टिट्यूटमध्ये ब्रॅडलॉंची कागदपत्रं आणि तिथल्या नॅशनल सेक्युलर सोसायटीचं दप्तर सांभाळलेलं आहे. त्यांची सूची घरबसल्या पाहता येते. सूची पाहता येणं आणि कागद वाचता येणं यात फरक आहे, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं. पुष्कळ अभिलेखागारांनी फक्त यादी खुली केलेली असते, मूळ पान पाहायला पत्र लिहावं लागतं. मात्र लिहिलं तर उत्तर येतं. ब्रिटनच्या मानवतावादी संघटनेनं 2021 मध्ये ‘ह्युमनिस्ट हेरिटेज’ नावाचं संकेतस्थळ काढलं. माणसं, वास्तू, संस्था अशा नोंदी त्यात सोप्या भाषेत आहेत. भगतसिंगांचा ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध आणि मानवेंद्रनाथ रॉय यांचं बरंच लिखाण मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्हवर आहे. रॉय मार्क्सवाद सोडून नवमानवतावादाकडे वळले तरी त्यांची सुरुवातीची कागदपत्रं तिथेच मिळतात.

आता आपल्या घरात येऊ. मराठीतल्या बुद्धिवादाचा एक धागा विदर्भातून जातो आणि मला त्याचा अभिमान आहे. आगरकरांनी ‘सुधारक’ काढला 1888 च्या ऑक्टोबरात, पुण्यात. अवघ्या 39 व्या वर्षी, 1895 मध्ये ते गेले. त्यांचं सगळं लिखाण तीन खंडांत संपादून छापलं म. गं. नातू आणि दि. य. देशपांडे यांनी, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासाठी. देशपांडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आगरकर नुसते संपादून ते थांबले नाहीत. 1990 च्या एप्रिलमध्ये त्यांनी नागपुरातून एक मासिक सुरू केलं. सुरुवातीला त्याचं नाव ‘नवा सुधारक’ होतं, पुढे ‘आजचा सुधारक’ झालं. नंतर दिवाकर मोहनी, नंदा खरे अशा संपादकांनी ते चालवलं. जाहिराती नाहीत, चकचकीत कागद नाही, आणि लेखकाला कुणी खोडून काढलं तर पुढच्या अंकात ते जसंच्या तसं छापायचं. देव, विवाहसंस्था, आरक्षण, शेती, भाषा या सगळ्यांवर तिथे भांडण झालं आणि ते सभ्यपणे झालं.

‘आजचा सुधारक’चे जुने अंक आता त्याच नावाच्या संकेतस्थळावर आहेत, आणि सामान्य वाचकाला मी सगळ्यात आधी तिकडेच पाठवते. याचं कारण तांत्रिक आहे. पुस्तक स्कॅन केलं की संगणकाच्या लेखी ते पानाचं चित्र असतं. त्यातली अक्षरं त्याला कळत नाहीत. अक्षरं ओळखणारी एक प्रणाली त्या चित्रावरून फिरवली की मगच शोध घेता येतो. इंग्रजीच्या बाबतीत हे काम छान होतं. जुन्या मराठी छपाईत मात्र खिळे झिजलेले, जोडाक्षरं उभी रचलेली, वेलांटी वरच्या ओळीत घुसलेली. मग ‘बुद्धिप्रामाण्य’ शोधलं तर काहीच येत नाही, कारण त्या प्रणालीनं तो शब्द भलताच वाचलेला असतो. ‘आजचा सुधारक’चे लेख टंकलिखित आहेत, त्यामुळे मराठीत शब्द टाकला की लेख समोर येतो. स्कॅन केलेल्या पुस्तकात मी शोधखिडकीवर विसंबत नाही. अनुक्रमणिका उघडते आणि पानं उलटते.

इंटरनेट आर्काइव्ह हा त्या स्कॅनचा महासागर. भारतात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या योजनेत लाखो पुस्तकांची चित्रं घेतली गेली होती. ते मूळ स्थळ बंद पडलं, पण प्रती आर्काइव्हवर गेल्या होत्या म्हणून वाचल्या. तिथे काम करायला चिकाटी लागते. पानं वाकडी, काही गाळलेली, पुस्तकाचं नाव रोमन लिपीत कसंही लिहिलेलं. ‘आगरकर’ हे नाव अ एक की दोन, शेवटी अ आहे की नाही, असं बदलून बदलून टाकावं लागतं. पण पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर कुठल्याशा गावच्या वाचनालयाचा गोल शिक्का असतो, दाखल क्रमांक असतो, समासात कुणा वाचकानं पेन्सिलीनं ओढलेली रेघ असते. मी त्या रेघा नेहमी पाहते. कोणत्या वाक्यापाशी आपला पूर्वज थांबला, ते त्यातून कळतं.

र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ 1927 च्या जुलैत सुरू झालं आणि 1953 मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर थांबलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य आणि धर्मचिकित्सा यांवर त्यांनी एकहाती ते चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, 1934 मधल्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. हे अंकही स्कॅन होऊन वाचायला मिळतात. वाचकांच्या प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरं तेवढी वाचा. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी घरात काय बोलता येत नव्हतं ते त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या ग्रंथातून कळत नाही. फुल्यांचं समग्र वाङ्मय, आंबेडकरांचे खंड, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं लिखाण शासनाच्या संकेतस्थळांवरून फुकट उतरवून घेता येतं. तर्कतीर्थांचं ‘हिंदू धर्माची समीक्षा’ हे मुळात 1940 च्या सुमारास नागपूर विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक, हेही आपल्या लोकांना आठवत नाही.

आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आणखी दोन नावं सांगते. धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे, पाली भाषेचे पंडित. सिद्धार्थानं म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून मध्यरात्री घर सोडलं, ही कथा त्यांनी जुन्या ग्रंथांच्या आधारे तपासली आणि बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे त्यांनी बोट दाखवलं. श्रद्धेच्या विषयाला पुरावा मागणारा हा माणूस 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला उपोषणानं देह ठेवून गेला. त्यांचं ‘भगवान बुद्ध’ आज कुणालाही वाचता येतं. दुसरे स्वामी सत्यभक्त, आधीचे दरबारीलाल. जैन पंडित, पण आपल्याच धर्मग्रंथांची कठोर चिकित्सा करून 1934 मध्ये सत्य समाज काढणारे. 1936 मध्ये, गांधीजी शेगावला आले त्याच वर्षी, त्यांनी वर्ध्यात सत्याश्रम उभारला आणि 1998 पर्यंत जगले. त्यांनी हिंदीत अफाट लिहिलं. त्यांच्यावर मराठीत एक चांगला प्रबंध व्हायला हवा, आणि तो वर्ध्याच्या मुलामुलींनी करावा असं मला मनापासून वाटतं.

कारण महाजालावर जे आहे ते कुणीतरी चढवलं म्हणून आहे. जे चढवलं नाही ते गेल्यासारखंच. जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयानं जागा नाही म्हणून बांधीव मासिकं रद्दीत काढली. मला कळेपर्यंत टेम्पो निघून गेला होता. त्यात काय होतं त्याची यादीसुद्धा कुणी केली नव्हती. जिल्ह्यातल्या गावोगावी सत्यशोधक, आंबेडकरी, सर्वोदयी, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या मंडळींनी काढलेली पत्रकं, स्मरणिका, चार पानी साप्ताहिकं ट्रंकांत पडून आहेत. हिंगणघाटच्या गिरणी कामगाराच्या घरी असतील, आर्वीच्या शिक्षकाच्या माळ्यावर असतील. वाळवी आणि पावसाळा आपली वाट पाहत थांबणार नाहीत.

काम अवघड नाही. फोननं पानाचा सरळ, सावली न पडता फोटो घ्यायचा, उन्हात न घेता खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून. मुखपृष्ठ आणि मुद्रक-प्रकाशकाचा मजकूर असलेलं पान आधी घ्यायचं, कारण तारीख आणि गाव तिथेच असतं. जाहिराती गाळायच्या नाहीत, त्यात त्या काळचा बाजार असतो. फायलीला नाव देताना मासिकाचं नाव, महिना, वर्ष, गाव हे देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही लिहायचं. कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लिखाण सर्वांसाठी खुलं होतं. आगरकर, कर्वे, कोसंबी, मशरूवाला खुले झाले आहेत. गोरा 1975 मध्ये वारले, म्हणून त्यांचं लिखाण 2036 सुरू झाल्यावर खुलं होईल. अजून खुलं न झालेलं कुणाचं असेल तर वारसांची लेखी परवानगी घ्यायची आणि तो कागदही फायलीबरोबर जपायचा. परवानगी बहुतेक वेळा मिळते. आपल्या आजोबांचं कुणी वाचतंय, याचा घरच्यांना आनंदच होतो.

सध्या मी पुलगावच्या एका घरातल्या स्मरणिका घेऊन बसले आहे. तीन मुलं दर रविवारी येतात. एक पानं उलटतो, एक फोटो काढते, तिसरी यादी लिहिते. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर झाडून बाहेर काढा, पण पुसायला ओलं फडकं वापरू नका, आणि सुट्या पानांचा क्रम लिहून घेतल्याशिवाय गठ्ठा सोडू नका.